लातूरकडचं घर पूर्ण व्हीगन करायचंय: चहा, ताक, तूप आणि येळवशीचं कसं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. चार माणसांचं घर, लातूर तालुका. मांस-अंडी आधीपासूनच नाही. आता दूध, दही, ताक, तूप आणि मधही बंद करायचं नक्की झालंय. दुधासाठी गाय-म्हैस पुन्हा पुन्हा गाभण ठेवायची आणि तिच्या वासराला त्याच दुधापासून तोडायचं, हे मनाला पटत नाही. एवढंच कारण.

व्हीगन म्हणून शोधलं की बदामाचं दूध, क्विनोआ, ॲव्होकाडो असलं काहीतरी पुढं येतं. इथल्या आठवडी बाजारात आणि किराणात मिळतं त्यावर भागेल असं सांगा: ज्वारी, तूर, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ, जवस, करडई, हुलगे.

अडतंय ते इथं: दुधाचा चहा, उन्हाळ्यातलं ताक, पुरणपोळीवरचं तूप, अंगाला लागणारं कॅल्शियम नि बी-१२. आणि सगळ्यात मोठं म्हणजे येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला रानात जेवायचा सण. त्या दिवशीची ज्वारीच्या पिठाची आंबील ताकाशिवाय होते का? नेमकी मापं द्या, कुठं बिघडतं तेही लिहा.

करडईफूल

मांजराकाठताई, आधी काय बदलायचं नाही ते बघा. पिठलं, शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, हुलग्याचं माडगं, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, मटकीची उसळ, ठेचा, सुसला, ज्वारी-बाजरीची भाकरी. यात दुधाचा थेंब नाही. मराठवाड्यातलं रोजचं ताट दुधावर उभंच नाही, ते तेलबिया आणि डाळींवर उभं आहे. दूध येतं चहात, भाताच्या शेवटच्या घासाला आणि सणाला. म्हणजे घर बदलायचं नाहीये, तीन-चार जागा भरायच्या आहेत.

धपाट्यांच्या पिठात मात्र दही किंवा ताक असतं, ते विसरू नका. ज्वारीचं पीठ २ वाट्या, बेसन अर्धी वाटी, कणीक अर्धी वाटी, मेथी, लसूण-मिरची, तीळ, ओवा. दह्याच्या जागी २ चमचे शेंगदाण्याचा बारीक कूट आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून कोमट पाण्यात भिजवा. कुटातल्या तेलानं धपाटं मऊ राहतं, दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही.

पथ्यपाणी

बाकी सगळं नंतर, बी-१२ आधी. ते वनस्पतीतून मिळत नाही, कुठल्याच. गोळी घ्यायचीच, तिथं घासाघीस नको.

मोठ्या माणसाला दिवसाची शिफारस २.२ मायक्रोग्रॅमची आहे. पण गोळीतलं सगळं अंगात जात नाही. आतड्यातली खास वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेते, त्यापुढचं शंभरातलं एखादंच झिरपतं. म्हणून दोन हिशेब चालतात: रोज किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी, नाहीतर आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. बी-१२ चं सायनोकोबालामिन हे रूप स्वस्त आणि टिकाऊ.

मेडिकलवर नुसतं 'बी-१२ द्या' म्हटलं तर बऱ्याचदा मिथाइलकोबालामिन १५०० सोबत प्रेगाबालिन असलेली गोळी हातात पडते. ती नसांच्या दुखण्यावरची आहे, गुंगी आणते. पाकिटावर घटक एकच आहे का ते बघूनच घ्या.

सुरू करण्याआधी रक्त तपासा. २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर डॉक्टर इंजेक्शनचा कोर्स देतील, तिथं आठवड्याच्या गोळीवर भागवायचं नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असलेल्यांचं बी-१२ त्या गोळीनंही खाली जातं. हातापायाला मुंग्या, जीभ लाल-गुळगुळीत, चालताना तोल जाणं ही लक्षणं अंगावर काढू नका. नसांचं नुकसान फार लांबलं तर पुरतं भरून येत नाही.

हुलगा_माडगं

इडली, आंबीलीसारखे आंबवलेले पदार्थ रोज खाल्ले तर बी-१२ मिळतं असं वाचलंय. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पावडरीचंही नाव ऐकलं. मग गोळीची काय गरज?

पथ्यपाणी

नाही हो, या समजानं लोकांचं नुकसान होतं. इडली नि आंबील आंबवणारे जिवाणू भरवशाचं बी-१२ तयार करत नाहीत. स्पिरुलिनात दिसतं ते बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं, पण अंगाला न लागणारं रूप असतं. तपासणीत आकडा बरा दिसतो आणि आतून कमतरता वाढत जाते. आंबवल्यानं लोह-जस्त चांगलं लागतं, त्यासाठी आंबील जरूर प्या. बी-१२ साठी गोळी.

परभणीची_ज्वारी

पथ्यपाणींना पूर्ण अनुमोदन. आता दुधाकडं येतो. इथं सोयाबीन घराघरात आहे, त्यामुळं सोया दूधच परवडतं.

पण त्याआधी एक ताकीद, सगळ्यांनी वाचा. पेरणीसाठी ठेवलेलं सोयाबीन खायला घेऊ नका. बियाण्याला थायरम, कार्बेन्डाझिम असली बुरशीनाशकं चोळलेली असतात. कंपनीच्या पिशवीतल्या बियाण्याला लाल-गुलाबी रंग दिसतो, पण घरी प्रक्रिया केलेल्या बियाण्याला रंग असेलच असं नाही. धुऊन ते औषध जात नाही. खायचं पोतं वेगळं, त्यावर खूण वेगळी.

कृती. सोयाबीन १५० ग्रॅम निवडून, तीनदा धुऊन भिजवा. थंडीत १० तास, उन्हाळ्यात ६ तास पुरे, मधे दोनदा पाणी बदला. एप्रिल-मेमध्ये रात्रभर ठेवलं तर पाण्याला फेस येतो, आंबूस वास सुटतो, ते दूध तापवताना फाटतं. हातानं चोळून टरफलं पाण्यावर काढून टाका.

मग उकळत्या पाण्यात हे दाणे ५ मिनिटं ठेवा. ही पायरी गाळू नका. सोयाबीनचा तो कच्चा, हिरवट वास मुळात दाण्यात नसतो, दाणा दळला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करतं आणि वास तयार होतो. दळण्याआधीच गरम पाण्यानं ते निकामी केलं की वास राहत नाही.

पाणी फेकून गरम पाण्यात दळा, एकूण पाणी सव्वा लिटर. मिक्सरचं भांडं अर्धंच भरा, गरम असलं की वाफ कोंडून झाकण उडतं. धुतलेल्या सुती कापडातून पिळा. आता मोठ्या पातेल्यात तापवा, सारखं ढवळत. ८० डिग्रीच्या आसपास फेस भसकन वर येतो, ती खरी उकळी नव्हे. गॅस कमी करा, फेस बसवा आणि खरी उकळी आल्यावर मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते या उकळीनं जातात. चिमूटभर मीठ, एक वेलदोडा. फ्रिजमध्ये तीन दिवस. लाईट गेली तर दर पाच-सहा तासांनी पुन्हा उकळी काढा.

चोथा दीड वाटी निघतो. थालीपिठात, धपाट्यात, वडीत घाला. त्याच दिवशी वापरायचा, दुपारच्या उन्हात तो तीन-चार तासांत आंबतो.

चहाबाज_धाराशिव

पण चहात फाटतंय ना!

परभणीची_ज्वारी

आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सोयाचं प्रथिन गोळा होतं. चहाची पत्ती आंबट, आलं आंबट, गूळ त्याहून. म्हणून सगळं एकत्र उकळायचं नाही. पाणी, आलं, साखर, पत्ती वेगळं उकळून गाळा आणि दोन मिनिटं थांबा. सोया दूध वेगळं गरम करा, उकळू नका. कपात आधी दूध, वरून चहा. उलटं केलं की फाटतो. प्रमाण एक भाग दूध, दोन भाग चहा. गुळाचा चहा हवा असेल तर चार कपांना दूध मिसळण्याआधी चिमटीच्या टोकावर मावेल एवढा खायचा सोडा. जास्त झाला की साबणासारखी चव लागते.

ओट्सचं दूध चहाला घेऊ नका, तापलं की खिरीसारखं चिकट होतं. काजूचं छान होतं, ४० ग्रॅम काजूला ४०० मिली पाणी, पण ते पाहुण्यांपुरतं.

गवती_चहा

किंवा गवती चहा, आलं, लिंबू. फाटायचं टेन्शनच नाही.

चहाबाज_धाराशिव

आधी दूध मग चहा, जमलं बगा. चारही कप सलामत.

तीळगाठ

आता ताक. शेंगदाण्याचं दही लावा, सोयाच्या दह्यापेक्षा चवीला आपल्या जिभेला जवळचं.

शेंगदाणे १०० ग्रॅम. आधी निवडा, आणि हे निवडणं मनावर घ्या. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशीचा, खवट दाणा बाजूला काढून फेकून द्या. अशा दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते यकृताला घातक आहे आणि उकळून जात नाही. ओल लागलेल्या पोत्यातले दाणे स्वस्त मिळाले तरी नकोत.

६ तास भिजवा, सालं काढा, ४०० मिली पाण्यात एकदम मऊ वाटून गाळा. १ चमचा तांदळाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून त्यात घाला आणि मंद आचेवर ८-१० मिनिटं ढवळत शिजवा. शेंगदाण्याचं दूध तळाला लागतं, जाड बुडाचं पातेलं घ्या, एक क्षण हात सोडू नका. करपल्याचा वास मग दह्यातून जात नाही.

करंगळी दहा आकडे मोजेपर्यंत सहज ठेवता येईल एवढं निवू द्या, म्हणजे ४०-४२ डिग्री. विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ, टोपीसकट, ७-८. मिरच्या धुऊन देठ पुसून मधोमध बुडवा. मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात, झाकून. उन्हाळ्यात ६-७ तास, दिवाळीनंतर १२ तास आणि भांडं पोत्यात गुंडाळून.

पहिलं दही पातळ आणि कमी आंबट होतं. ते विरजण समजा. त्यातला १ चमचा घेऊन दुसऱ्यांदा लावलं की घट्ट बसतं. खाली पाणी सुटलं तर बिघडलेलं नाही, तापमान जास्त झालं होतं. गुलाबी, नारिंगी डाग, तंतू किंवा केसाळ थर दिसला तर मात्र पूर्ण भांडं फेका. वरचा थर काढून खाऊ नका.

ताकाला एक वाटी दही, तीन वाट्या थंड पाणी, भाजलेलं जिरं, हिंग, मीठ, कोथिंबीर. घुसळायची गरज नाही, लोणी निघणार नाही. कढीला अर्ध्या लिटरला दीड चमचा बेसन, आणि उकळी फुटायच्या आत उतरवायची.

हुलगा_माडगं

तीळगाठताई, गावाकडं मिरचीच्या देठाचं विरजण जुनंच आहे. घरातलं विरजण संपलं की तेच लावायचे. इथं परत कामाला आलं.

देवणी_खोंड

मंडळी, पाककृती छान आहेत, पण मला मूळ मुद्द्यावर हरकत घ्यायचीय. लातूर-उदगीरची देवणी आणि नांदेड-कंधारची लाल कंधारी, या दोन्ही आपल्या मातीतल्या जाती. बैलासाठी गाय लागते, गाईसाठी दुधाचे चार पैसे लागतात. सोयाबीन पावसानं गेलं, तूर मर रोगानं वाळली तरी दर दहा दिवसांनी डेअरीचा हप्ता येतो. छावणीत जनावरं उभी करून ती जगवणारा शेतकरी क्रूर नाही. दूध बंद करा म्हणणाऱ्यांनी त्याचं मीठ-मिरची कशावर चालणार तेही सांगावं. आणि शेणखत? व्हीगन माणूस शेणखतावर पिकलेली ज्वारी खाणार की नाही?

मांजराकाठ

देवणीदादा, तुमचं म्हणणं रास्त आहे. घरातल्या ताटापुरता निर्णय आहे, शेजारच्या गोठ्यावर बोट ठेवायचा नाही. शेणखताचा प्रश्न मलाही पडलाय.

काळीभोर_रान

शेणखताचं उत्तर देतो. 'व्हीगन' हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी द व्हीगन सोसायटी काढली तेव्हाचा. त्या संस्थेच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असं आहे. बाजारातल्या ज्वारीला शेणखत पडलं की युरिया, हे ग्राहकाला कळत नाही. ते टाळणं व्यवहार्य नाही, म्हणून भाकरी सोडायची नसते.

स्वतःचं रान असेल तर पर्याय आहे, तागाचं हिरवळीचं खत. ताग एकरी २०-२५ किलो बी, पहिल्या चांगल्या पावसावर पेरायचा, ४५-५० दिवसांनी फुलोरा येताना गाडायचा. उशीर झाला की काडी लाकडासारखी होते, कुजायला वेळ घेते आणि कुजताना जमिनीतलं नत्र ओढते, पुढचं पीक पिवळं पडतं. गाडल्यावर ओल हवीच. आपल्याकडं तिथंच घोडं अडतं. पाऊस खंडला तर ताग तसाच सुकून राहतो. म्हणून कोरडवाहू रानात सगळं क्षेत्र एकदम घेऊ नये, चौथा हिस्सा दरवर्षी फिरवावा. रब्बीला हरभरा-जवस घ्यायचं असेल तर खरिपात ताग बसतो. सोबत निंबोळी पेंड, सोयाबीनच्या काडाचं कंपोस्ट आणि बियाण्याला रायझोबियम हे नत्र धरणारं जिवाणू खत.

देवणीदादांचा पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. सोया दूध, टोफू (सोया दुधाचं पनीर), शेंगदाण्याचं दही, लाकडी घाण्याचं करडई तेल गावातच तयार होऊन विकलं गेलं तरच दुधाच्या हप्त्याला जोड मिळेल. आज तसं होत नाही.

देवणी_खोंड

हे मान्य. टोफूची कृती द्या मग, बघू.

परभणीची_ज्वारी

वर दिलेलं सोया दूध १ लिटर, पण थोडं दाट, म्हणजे १५० ग्रॅमला पाणी १ लिटरच. उकळून झालं की ७५-८० डिग्रीपर्यंत निवू द्या, साधारण ५ मिनिटं. अडीच मोठे चमचे लिंबाचा रस अर्ध्या वाटी कोमट पाण्यात मिसळून तीन हप्त्यांत घाला. प्रत्येक वेळी दोनदाच पळी फिरवा. जास्त ढवळलं की चुरा होतो. झाकून १५ मिनिटं. पाणी पिवळसर आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. दुधाळ असेल तर आणखी अर्धा चमचा रस. कापडात बांधून वर दोन किलोचं वजन, अर्धा तास. उकळत्या दुधात रस घातला की रबर, फार निवलेल्या दुधात घातला की बसतच नाही.

पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, रोज पाणी बदलून चार दिवस. तळून काळ्या रश्श्यात सोडला तर काय लागतो!

पैठण_दरवाजा

खाण्यापलीकडचं एक. व्हीगन म्हणजे रेशीमही नाही. मग पैठणी?

कोष_आणि_धागा

नाही, पैठणी रेशमाचीच. कोषातला धागा अखंड, शेकडो मीटर लांब असतो. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडून धागा तुटतो, म्हणून तो आतच असताना कोष वाफेनं किंवा गरम हवेनं मारतात आणि गरम पाण्यात उकलतात. जालन्याला कोषांचा बाजार आहे, बीड-जालन्याकडं तुतीवर घरं चालतात. म्हणजे देवणीदादांचा प्रश्न इथंही तसाच उभा राहतो.

संभाजीनगरचं हिमरू सूत आणि रेशीम मिळून विणतात, तेही यात बसत नाही. सुती अंगावर पैठणी पद्धतीचे काठ-पदर असलेल्या साड्या मिळतात, पण काठात रेशीम आहे का ते विचारा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा धागा बोलतो. पदराच्या टोकाचा एक धागा जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडणारी राख म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. कागदासारखा वास आणि पांढुरकी राख म्हणजे सूत किंवा व्हिस्कोस.

घरात आहे ती पैठणी टाकून देऊ नका. त्यानं कोणताही कोष वाचत नाही. नवी घेताना ठरवा.

लेबल_वाचा

विकतच्या वस्तूंबद्दल थोडं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. दूध, तूप, मध असूनही ठिपका हिरवाच असतो. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेनं २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले, त्याचं चिन्ह हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्यावर रोपटं. ते नसलं तर ॲलर्जीच्या ओळीत 'दूध' आहे का बघा. दूध पावडर, व्हे, केसीन, बटर ऑइल ही सगळी एकाच गोठ्यातली नावं. बिस्किट, ब्रेड, खारी, मसाला शेव, इन्स्टंट सूपमध्ये सापडतात.

घटकांच्या यादीत आयएनएस हे मिसळलेल्या पदार्थांचे क्रमांक असतात: आयएनएस १२० म्हणजे किड्यापासूनचा लाल रंग, ९०१ म्हणजे मधमाशांचं मेण, ९०४ म्हणजे लाखेच्या किड्याची लाख. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. गोळीतलं व्हिटॅमिन डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनतं, लायकेनपासूनचं मागवावं लागतं. मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण चिमटीभर दगडफुलातून डी मिळत नाही, तसा प्रयत्न नको. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र कवचापायी थांबवायचं नाही. 'याची गोळी आहे का' एवढं विचारा.

मधाच्या जागी काकवी. आपल्याकडं गुऱ्हाळं आहेत, दुसरीकडं कशाला शोधता.

करडईफूल

तुपाचं राहिलं. पुरणपोळी करडई किंवा शेंगदाणा तेलावर लाटा-भाजा आणि गुळवणीसोबत वाढा. गुळवणीत दूध घालू नका, गूळ, पाणी, वेलची, सुंठ बास. मराठवाड्यात गुळवणी-पोळी जुनीच आहे. वरणाला लसूण-जिऱ्याची तेलाची फोडणी. उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी, फोडणी तेलात.

लाडूचं वेगळं. तूप थंड झालं की थिजतं, त्यावर लाडू वळला जातो. तेल थिजत नाही म्हणून बेसनाचा लाडू बसतो, पण पसरतो. खोबरेल २४ डिग्रीखाली थिजतं, म्हणजे संक्रांतीला चालेल आणि मे महिन्यात वाहील. उन्हाळ्यात तीळ-गूळ, शेंगदाणा-गूळ, खजूर असे स्वतःच्या तेलावर आणि गुळावर बांधले जाणारे लाडूच करा.

पथ्यपाणी

कॅल्शियमचं मांजराकाठताईंनी विचारलं होतं, ते मधेच राहिलं. मोठ्यांना दिवसाला १००० मिलिग्रॅम. घरचं सोया दूध यात फार कमी पडतं, म्हणून नुसतं दूध बदललं की काम झालं असं नाही. बिनपॉलिशचे तीळ २५ ग्रॅम म्हणजे साधारण ३००, नाचणी ५० ग्रॅम १८०, शेवग्याचा पाला ५० ग्रॅम १५०, उरलेलं डाळी, पालेभाज्या, भाकरीतून. तीळ पांढरेशुभ्र, सोललेले घेतले तर कॅल्शियम टरफलाबरोबर गेलेलं असतं, गावरान किंवा काळे घ्या. तिळातलं सगळं अंगाला लागत नाही, शेवग्याचं जास्त लागतं. म्हणून एकावर विसंबू नका. शेवगा परसात लावा, पाला वाळवून पीठ करून भाकरीत घाला.

प्रथिनांचा हिशेब ६० किलोच्या माणसाचा: ज्वारीचं पीठ १८० ग्रॅम म्हणजे तीन भाकरी, त्यात १८. डाळ-उसळ ७० ग्रॅम कोरडी, त्यात १५. सोयाबीन ३० ग्रॅम, ११. शेंगदाणे ३० ग्रॅम, ७. तीळ २५ ग्रॅम, ५. बेरीज ५६, वर भाजी-भात. धान्य-डाळीवरच जेवण असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरावं, म्हणजे ६० झालेच. ज्वारीत लायसीन हा प्रथिनाचा घटक कमी, डाळीत भरपूर, म्हणून भाकरीबरोबर नुसता ठेचा हे जेवण रोजचं होऊ देऊ नका.

जवस रोज एक मोठा चमचा, कुटूनच. अख्खा जवस तसाच बाहेर पडतो. हलका भाजून कुटा, पंधरा दिवसांपुरताच, नंतर खवट होतो. मीठ आयोडीनचंच ठेवा, दूध गेलं की आयोडीनचा एक मार्ग कमी होतो, त्यात सैंधवावर गेलात तर अडचण. चहा जेवणानंतर तासाभरानं, नाहीतर लोह अडतं. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत करा आणि लगेच काढा.

वर्षाच्या आतल्या बाळाला आईचंच दूध. ते न मिळाल्यास डॉक्टरांनी सांगितलेलं शिशुआहाराचं दूध. घरचं सोया, शेंगदाणा दूध त्या वयात मुख्य आहार म्हणून अजिबात नाही. बाळ अंगावर पीत असेल तर आईनं बी-१२ एक दिवसही चुकवू नये.

हुलगा_माडगं

गोळ्या सांगून आलोय. पथ्यपाणी, पटलं.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, धाग्याची प्रिंट काढून फडताळाच्या दाराला लावतेय. आता फक्त येळवस राहिली. रानात पाच-पन्नास माणसं येतात, आंबील चुकायला नको.

कोपी_कडब्याची

येळवस माझ्याकडं द्या. भज्जी सोपी आहे. तूर, वाल, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे मिळून अर्धा किलो, मूठभर शेंगदाणे, मेथी, पालक, कांदापात, गाजर. ताकाच्या आंबटाची जागा आंबट चुका घेतो, एक जुडी, आणि दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ. दाणे आधी पूर्ण शिजवा, मगच आंबट घाला, आधी घातलं तर दाणे टणक राहतात. १०० ग्रॅम बेसन गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, शेवटी ओता, पुढं १० मिनिटं ढवळत शिजवा. लसूण-मिरचीचा ठेचा सढळ हातानं.

आंबील. ताकातलं आंबट म्हणजे मुळात आंबवणीच, ती ज्वारीच्या पिठातूनही येते. १० माणसांना ज्वारीचं पीठ पाव किलो, ताजं दळलेलं. जुनं पीठ कडवट होतं आणि आंबीलीत तो कडवटपणा वर येतो. एक लिटर कोमट पाण्यात कालवून मडक्यात ठेवा, तोंडाला कापड. येळवस येते मार्गशीर्ष अमावास्येला, लातूरला त्या दिवसांत रात्री गार असतात, म्हणून एका रात्रीत आंबत नाही. दोन रात्री धरा, मडकं चुलीच्या उबेला, पोत्यात गुंडाळून. बारीक बुडबुडे आणि ताकासारखा आंबूस वास आला की तयार. तीळगाठताईंच्या शेंगदाण्याच्या दह्याचे चार चमचे सुरुवातीला घातले तर एका रात्रीत होतं.

मग दोन लिटर पाण्याला आधण आणा, त्यात हे आंबवण धारेनं ओता, हात न थांबवता १५ मिनिटं शिजवा. उतरवून पूर्ण निवू द्या. निवल्यावर ती दुप्पट घट्ट वाटते, घाबरून शिजवताना पाणी वाढवू नका, नंतर गार पाणी घालून पातळ करा. ठेचलेला लसूण, आलं-मिरची, जिऱ्याची पूड, कोथिंबीर, मीठ. वरून तीळगाठताईंचं ताक लिटरभर घातलं तर पांढरी दिसते आणि ताकाच्या आंबीलीत फरक ओळखू येत नाही.

देवणी_खोंड

मीठ आंबवताना घालायचं की नंतर? आमच्याकडं दोन्ही ऐकलंय.

कोपी_कडब्याची

नंतरच. मिठानं आंबवणी मंदावते. त्या गारठ्यात मीठ आधी पडलं तर तिसऱ्या दिवशीही पीठ गोडच राहतं.

मांजराकाठ

मडकं नवं आहे. चालेल ना?

कोपी_कडब्याची

चालेल, पण तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला. मग एकदा पातळ पेज भरून रात्रभर ठेवा आणि ती ओतून द्या. नव्या मडक्याला मातीचा वास असतो आणि ते पाणी पितं, आंबीलीची खालची कड कोरडी पडते. रानात नेताना मडकं भिजल्या गोणपाटावर, गाडीत सावलीच्या बाजूला ठेवा आणि गळ्यापर्यंत भरू नका. वाटेत ती अजून थोडी फुगते.